पॅसिफिकचं युद्ध पाच तासिकांत कसं शिकवू?

वाचक शिक्षिकेचं पत्र:

'मी नववीला इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धातला पॅसिफिक महासागरावरचा भाग मला नेहमीच अवघड जातो. हाताशी जेमतेम पाच तासिका असतात. बेटांची नावं मुलांच्या तोंडात बसत नाहीत. पर्ल हार्बर म्हटलं की सिनेमा आठवून दहा-बारा मुलं एकदम उत्साहात येतात, विमानांची नावं सांगायला लागतात आणि उरलेला वर्ग जांभया देतो. तिथून मी थेट हिरोशिमावर येते, मधली साडेतीन वर्षं चार ओळींत उरकते. गेल्या आठवड्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, अणुबॉम्ब टाकला ते बरोबर होतं का?" मी "ते पुढे बघू" म्हणून वेळ मारून नेली. सहकारी म्हणतात, सनावळ्या पाठ करून घ्या आणि पुढे चला. मला ते पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही.'

— एक शिक्षिका

प्रिय ताई,

तुम्हाला पटत नाही ते योग्यच आहे. पाठ केलेली सनावळी परीक्षा संपेपर्यंत टिकते, आणि हे युद्ध तर सनावळीतून कळतच नाही. ते कळतं अंतरातून. पहिली तासिका मी पर्ल हार्बरला देणार नाही, महासागराला देईन.

वर्गातल्या भिंतीवरचा जगाचा नकाशा एकदा नीट बघा. मधोमध आफ्रिका आणि युरोप, जपान पार उजव्या कडेला, अमेरिका पार डावीकडे. ज्या महासागरावर हे युद्ध झालं तो बरोबर मधून कापलेला, अर्धा या टोकाला आणि अर्धा त्या टोकाला. मुलांचा गोंधळ इथेच होतो. हवाई बेटं डावीकडे दिसतात, जपान उजवीकडे, आणि जपानी विमानं सगळं जग ओलांडून गेली असावीत असं वाटतं. तेव्हा नकाशाच्या दोन प्रती काढा, दुसरी प्रत पहिलीच्या उजवीकडे चिकटवा आणि पॅसिफिक अखंड होऊ द्या. शाळेत पृथ्वीगोल असेल तर तो असा फिरवा की समोर जवळजवळ फक्त निळं दिसेल. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे तिसरा हिस्सा म्हणजे हा एकटा महासागर. हे तोंडी सांगण्यापेक्षा गोल हातात घेऊन दाखवलेलं लक्षात राहतं.

मग दोरा घ्या. सॅन फ्रान्सिस्को ते होनोलुलू साधारण ३,८५० किलोमीटर, होनोलुलू ते टोकियो सुमारे ६,२००, सॅन फ्रान्सिस्को ते ऑस्ट्रेलियातलं ब्रिस्बेन साडेअकरा हजारांच्या आसपास. आता मुलांना गणित घाला: मालवाहू जहाज ताशी साडेअठरा किलोमीटरनं, म्हणजे दहा नॉटनं जातं, तर ब्रिस्बेनला पोचायला किती दिवस? उत्तर पंचवीस-सव्वीस दिवस येतं, तेही सरळ गेलं तर. बंदुकीची एक गोळी, तांदळाचं एक पोतं, एक जखमी माणूस, सगळ्यांना हाच हिशेब लागू. वर्गाला हा आकडा स्वतः काढू द्या, तुम्ही सांगू नका. पुढच्या प्रत्येक तासिकेत तो उपयोगी पडतो.

तारखेची गंमतही याच तासिकेत येऊ द्या. पर्ल हार्बर या हवाईतल्या अमेरिकन नाविक तळावर जपाननं हल्ला केला तेव्हा तिथे ७ डिसेंबर १९४१ची, रविवारची सकाळ होती, आठला पाच कमी. त्याच क्षणी टोकियोत ८ डिसेंबर उजाडायचा होता, पहाटेचे तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. त्यामुळे एकच घटना दोन देशांच्या पुस्तकांत दोन तारखांना सापडते. आणि मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, कोटा बारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरायला लागलं ते पर्ल हार्बरच्याही आधी. मुलांना हे ऐकून धक्का बसतो, कारण सिनेमात सगळं हवाईतच सुरू होतं. जपानला मुख्यतः हवं होतं ते दक्षिणेकडे होतं, आणि तिथूनच दुसरी तासिका सुरू करता येते.

दुसरी तासिका तेलाची. जपान १९३१ मध्ये चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियात शिरला आणि जुलै १९३७पासून चीनशी उघड युद्धात गुंतला. तिथे नानजिंगमध्ये जे झालं ते नववीच्या मुलांना थोडक्यात, पण स्पष्ट सांगा: नागरिकांची सरसकट कत्तल आणि बायकांवर अत्याचार. यापलीकडच्या तपशिलाची गरज नाही, मात्र गाळू नका. ते गाळलं तर पुढचं सगळं दोन नौदलांच्या सामन्यासारखं वाटायला लागतं. जुलै १९४१ मध्ये जपाननं फ्रेंच इंडोचायनाचा (आजचे व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया) दक्षिण भागही घेतला. अमेरिकेनं जपानची संपत्ती गोठवली आणि तेल बंद केलं. जपानला लागणाऱ्या तेलापैकी जवळपास चार पंचमांश तेल अमेरिकेतून यायचं. चीनमधून मागे फिरायचं की डच ईस्ट इंडीजमधल्या, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या, पालेमबांग आणि बालिकपापानच्या तेलावर कब्जा करायचा, असा प्रश्न टोकियोतल्या लष्करी सरकारपुढे होता. त्यांनी दुसरा मार्ग घेतला, आणि त्या मार्गात अमेरिकेचं आरमार आडवं येऊ नये म्हणून पर्ल हार्बर. वर्गात कोणी म्हणेलच, "म्हणजे चूक अमेरिकेची." तिथे थांबा आणि विचारा: जपानपुढे मागे फिरायचा पर्याय होता का? होता. कारण समजून घेणं आणि समर्थन करणं यांतला फरक या एका प्रश्नानं वर्गात उतरतो.

तेलाचा धागा तिथेच सोडू नका, शेवटपर्यंत न्या. जपाननं ती तेलक्षेत्रं घेतली खरी, पण तेल जहाजांतून हजारो किलोमीटर वर आणायचं होतं. अमेरिकेच्या पाणबुड्यांनी ती जहाजं एकामागून एक बुडवली. जपानच्या बुडालेल्या मालवाहू जहाजांच्या एकूण टनभारापैकी निम्म्याहून अधिक पाणबुड्यांच्या नावावर आहे, आणि पाणबुड्यांवर काम करणारी माणसं अमेरिकन नौदलाच्या दोन टक्क्यांच्या आसपास होती. पाठ्यपुस्तकांत यावर सहसा एखादी ओळ असते किंवा नसतेच. माझ्या मते वर्गासाठी हे कोणत्याही नाविक लढाईपेक्षा महत्त्वाचं आहे, कारण ज्या तेलासाठी युद्धात उडी घेतली ते मिळूनही घरी पोचलं नाही, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं.

तिसरी तासिका लढायांची. सगळ्या घ्यायला जाऊ नका. दोनच घ्या, पण पोटभर घ्या: हवाईच्या वायव्येकडचं मिडवे आणि सॉलोमन बेटांतलं ग्वाडलकॅनाल.

मिडवे कोड्यासारखी शिकवा. मे १९४२. हवाईतल्या तळघरात अमेरिकन नौदलाचा जोसेफ रॉशफोर्ट आणि त्याचे सहकारी जपानी सांकेतिक संदेश तुकड्यातुकड्यांनी उलगडतायत. मोठा हल्ला 'एएफ' नावाच्या ठिकाणी होणार एवढं कळलंय. एएफ म्हणजे मिडवे असा त्यांचा कयास, पण वॉशिंग्टनला खात्री पटत नाही. इथे वर्गाला विचारा: तुम्ही असता तर खात्री कशी केली असती? पाच मिनिटं द्या, मुलं भन्नाट कल्पना सांगतात. मग सांगा की समुद्राखालच्या तारेनं मिडवेला गुप्त निरोप गेला: तुमचं गोडं पाणी बनवणारं यंत्र बंद पडलंय असं बिनसांकेतिक भाषेत रेडिओवर जाहीर करा. थोड्याच दिवसांत जपानी संदेश पकडला गेला की एएफवर पाण्याची टंचाई आहे. ४ जून १९४२ला लढाई पेटली. जपाननं अकागी, कागा, सोर्यू आणि हिर्यू या चार विमानवाहू नौका गमावल्या, आणि पर्ल हार्बरवर गेलेल्या सहांपैकीच त्या चार होत्या. अमेरिकेची यॉर्कटाउन बुडाली.

विमानांच्या नादी लागलेल्या मुलांना इथे कामाला लावा. त्यांचा उत्साह दडपू नका, ताई, त्याला प्रश्न द्या. जपानचं झीरो हे लढाऊ विमान एवढं लांब कसं उडायचं? हलकं होतं म्हणून. हलकं कसं केलं? वैमानिकामागे चिलखती पत्रा नाही, गोळी लागली तर आपोआप बुजणारी इंधनाची टाकी नाही. म्हणजे हा पल्ला वैमानिकाच्या सुरक्षिततेच्या बदल्यात मिळवला होता. अनुभवी वैमानिक एकदा गेले की तेवढ्या तयारीचे नवे लवकर घडवता आले नाहीत, आणि ऑक्टोबर १९४४पासून जपाननं तरुण पोरांना विमानासकट जहाजांवर आदळायला पाठवलं. विमानाच्या रचनेपासून कामिकाझेपर्यंतचा हा प्रवास त्याच दहा-बारा मुलांना शोधून वर्गापुढे मांडायला सांगा. जांभया देणारी मुलंही ऐकतील, कारण तोवर गोष्ट यंत्राची राहिलेली नसते.

ग्वाडलकॅनालसाठी एकच दृश्य पुरेसं आहे. ऑगस्ट १९४२ ते फेब्रुवारी १९४३ या बेटावर लढाई चालली. तिथली धावपट्टी अमेरिकेच्या हाती, त्यामुळे दिवसा जपानी जहाजांना जवळ फिरकता येईना. मग रात्री विनाशिका यायच्या. त्यांच्या डेकवर तांदूळ आणि इतर रसद भरलेले, दोरखंडानं एकमेकांना बांधलेले पत्र्याचे ड्रम. किनाऱ्याजवळ वेग कमी करायचा, ड्रम समुद्रात लोटायचे आणि उजाडायच्या आत पळायचं. किनाऱ्यावरच्या उपाशी सैनिकांनी दोर पकडून ते ओढून घ्यायचे. ३ डिसेंबरच्या रात्री असे १,५०० ड्रम सोडले. सकाळी अमेरिकन विमानांनी तरंगत्या ड्रमांवर गोळ्या झाडल्या, जपान्यांच्या हाती लागले ३१०. या बेटावर प्रत्यक्ष लढाईत मेले त्यापेक्षा जास्त जपानी सैनिक उपासमारीनं आणि रोगांनी मेले. पहिल्या तासिकेतलं अंतराचं गणित मुलांना इथे आठवू द्या, ती स्वतःच जोडतील.

त्याच्या पुढच्या बेटाबेटांवरच्या लढाया झटपट घ्या. अमेरिकेनं प्रत्येक बेट जिंकायचा हट्ट सोडला. जे बळकट होतं ते वगळून पुढचं घ्यायचं आणि मागच्याची रसद तोडायची. न्यू ब्रिटन बेटावरच्या रबाउल या तळावर लाखाच्या आसपास जपानी सैन्य होतं, ते युद्ध संपेपर्यंत तसंच अडकून पडलं. तारावा, सायपान, इवो जिमा ही नावं फळ्यावर बाणांसकट दाखवली की पुरे. झेंडा उभारतानाचा इवो जिमाचा फोटो मुलांनी पाहिलेला असतो. त्या छोट्या बेटावर जवळपास ६,८०० अमेरिकन आणि सुमारे वीस हजार जपानी मेले एवढं त्याच्याखाली लिहा.

चौथी तासिका मात्र कोणत्याही परिस्थितीत कापू नका. ती तिथे राहणाऱ्या माणसांची. तो निळा नकाशा पाहून मुलांची समजूत होते की दोन बलाढ्य देश रिकाम्या पाण्यावर लढले. तिथे लोक होते. नाउरू नावाच्या चिमुकल्या बेटावरून जपान्यांनी १,२०० नाउरूवासीयांना उचलून दूर ट्रुक बेटांवर मजुरीला नेलं. जानेवारी १९४६ मध्ये परत आले ते ७३७. सॉलोमन बेटांवर ऑगस्ट १९४३ मध्ये एक अमेरिकन गस्तनौका जपानी विनाशिकेच्या धडकेनं फुटली. तिच्या वाचलेल्या खलाशांना बिउकु गासा आणि एरोनी कुमाना या दोन स्थानिक तरुणांनी शोधून काढलं आणि नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप होडीतून शत्रूच्या पाण्यातून पोचवला. त्या नौकेचा कप्तान जॉन केनेडी पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या न्यू गिनीच्या डोंगरांत जखमी ऑस्ट्रेलियन सैनिकांना चिखलातून खांद्यावर वाहून नेणारे पापुआन हमाल होते, त्यांतल्या कित्येकांना जबरदस्तीनं कामाला लावलेलं होतं. फिलिपिन्सची राजधानी मनिलात फेब्रुवारी आणि मार्च १९४५च्या महिन्याभरात लाखाच्या घरात नागरिक मेले. आणि आपल्या पुस्तकांत क्वचितच येतं ते: सिंगापूर पडल्यावर युद्धकैदी झालेले हजारो भारतीय सैनिक मजुरीसाठी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनला नेले गेले. खूप जण तिथेच गेले, वाचलेल्यांची सुटका १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यानं केली.

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाची एक हकीकत तुमच्या वर्गाच्या वयाची आहे. मार्च १९४५ मध्ये तिथल्या दोन मुलींच्या शाळांमधल्या २२२ विद्यार्थिनी आणि १८ शिक्षकांना लष्करी रुग्णालयात कामाला नेलं. रुग्णालय म्हणजे डोंगरात खोदलेली भुयारं. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुली ड्रेसिंग करायच्या, पाणी आणायच्या, मृतांना पुरायच्या. जूनमध्ये अमेरिकन सैन्य जवळ आल्यावर त्यांना सांगण्यात आलं की तुमची तुकडी बरखास्त, आता आपापलं बघा. त्या २४० पैकी १३६ मुली आणि शिक्षक मेले, त्यांतले बहुतेक त्या आदेशानंतरच्या काही दिवसांत. हे सांगताना आवाज चढवू नका, वेगळं रडवायचीही गरज नाही. आदेश कोणी दिला, हा प्रश्न मुलंच विचारतील, आणि विचारायला हवा.

असं शिकवताना एक पथ्य पाळा. 'जपान्यांनी केलं', 'अमेरिकनांनी केलं' अशी वाक्यं शक्य तिथे टाळा. ज्यानं निर्णय घेतला त्याला कर्ता करा. जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना अमेरिकेनं छावण्यांत डांबलं ते अध्यक्ष रूझवेल्टच्या फेब्रुवारी १९४२च्या आदेशानं, आणि त्यांतले दोन तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. १९८८ मध्ये अमेरिकेनं त्याबद्दल कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्यांना प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले. चेहऱ्यावरून शत्रू ठरवला की काय होतं ते मुलांना यातून कळतं, वेगळं व्याख्यान लागत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. पाचवी तासिका सगळी त्याला द्या. फक्त हात वर करून मत घेऊ नका. 'बरोबर की चूक' अशी वादविवाद स्पर्धा तर नकोच. त्यात हुशार बोलणारा जिंकतो आणि मेलेली माणसं मुद्दा म्हणून वापरली जातात. त्याऐवजी फळ्यावर १९४५चे दिवस लिहा. ९-१० मार्च: टोकियोवर आगीचे बॉम्ब, एका रात्रीत सुमारे एक लाख मृत. २६ जुलै: पॉट्सडॅमहून मित्रराष्ट्रांचा जपानला इशारा, बिनशर्त शरणागती द्या, सम्राटाचं काय होणार याचा उल्लेख नाही. ६ ऑगस्ट: हिरोशिमा. ८ ऑगस्ट: सोव्हिएत संघाची जपानविरुद्ध युद्धघोषणा. ९ ऑगस्ट: नागासाकी, आणि त्याच दिवशी मांचुरियात सोव्हिएत फौजा. १५ ऑगस्ट: सम्राटाचं रेडिओवरचं भाषण. २ सप्टेंबर: अमेरिकेच्या मिसुरी युद्धनौकेवर शरणागतीच्या सह्या. मग विचारा: ५ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये काय माहीत होतं? टोकियोत काय माहीत होतं? दुसरे कोणते मार्ग होते? नोव्हेंबरमध्ये जपानच्या क्यूशू बेटावर उतरायची तयारी चालू होती, समुद्री नाकेबंदी होती, सोव्हिएत प्रवेशाची वाट पाहता आली असती, सम्राटाबद्दल आश्वासन देता आलं असतं. प्रत्येक मार्गात कोण मेलं असतं, हेही विचारा. नाकेबंदी लांबली असती तर जपानमधली सामान्य माणसं उपाशी राहिली असती, आणि चीनमध्ये, जपानच्या ताब्यातल्या इतर देशांत रोज माणसं मरतच होती.

भाजलेल्या शरीरांचे फोटो दाखवू नका. मुलं एक तर नजर चोरतात किंवा बधिर होतात. हिरोशिमाच्या संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा आहे, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. त्याचा फोटो दाखवा आणि सांगा की ६ ऑगस्टला सोमवार होता, सकाळचे सव्वाआठ. एवढी शाळकरी मुलं शहराच्या मध्यात काय करत होती? हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे केले जात होते, आणि त्या कामावर सरकारनं शाळेची मुलं जुंपली होती. हिरोशिमात वर्षअखेरपर्यंत १ लाख ४० हजारांच्या आसपास माणसं मेली, नागासाकीत ७० हजारांच्या वर. आकडे डब्यानंतर सांगा, आधी नाही.

तुमचं स्वतःचं मत? मुलं विचारणारच. त्यांनी आपापलं उत्तर कारणांसह लिहून तुमच्याकडे दिल्यावरच सांगा, आणि मग टाळाटाळ न करता सांगा. मला विचाराल तर दुसरा बॉम्ब, पहिल्यानंतर अवघ्या तीन दिवसांत, याचं समर्थन मला कोणत्याच कागदपत्रात पटलेलं नाही. पहिल्याबद्दल अभ्यासकांत अजूनही प्रामाणिक मतभेद आहेत, आणि वर्गात ते मतभेद म्हणूनच मांडा. युद्धानंतर जपानी नेत्यांवर टोकियोत चाललेल्या खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाबिनोद पाल यांचं उदाहरण वेळ उरला तर द्या: त्यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवलं, पण जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा प्रचंड आहे हेही त्याच निकालपत्रात नोंदवलं.

राहता राहिली परीक्षा, कारण सहकाऱ्यांना उत्तर द्यावं लागेल. सनावळीचे चार गुण ठेवा, बिघडत नाही. सहा गुणांना कोरा नकाशा द्या, पॅसिफिक मधोमध असलेला. त्यावर जपान, हवाई, मिडवे, ग्वाडलकॅनाल आणि पालेमबांग दाखवायला सांगा आणि विचारा: '१९४२च्या अखेरीस ग्वाडलकॅनालवरच्या सैन्याला रसद पोचवणं जपानला का जमलं नाही, ते नकाशाच्या आधारे पाच-सहा वाक्यांत लिहा.' ज्याला हे लिहिता आलं त्याला युद्ध समजलंय असं खुशाल धरा. छपाईचा खर्च शाळेला जड वाटत असेल तर नकाशा फळ्यावर काढा आणि प्रमाण बाजूला लिहा, मुलं पट्टी घेऊन मोजतील.